ठाण्यात राहून पियानो शिकायचाय? मग हे आधी वाचा

क्लासला नवीन मूल आलं की आईबाबांचे प्रश्न ठरलेले, कीबोर्ड कुठला घ्यायचा आणि ग्रेड ८ (पाश्चात्य संगीताच्या ग्रेड परीक्षांतली सगळ्यात वरची) म्हणजे आपलं विशारद का. नाही हो, विशारदशी तुलनाच नको, ते गणितच वेगळंय.

आधी कीबोर्डचं बोलू. ६१ पट्ट्यांचा हलका कीबोर्ड स्वस्त पडतो पण त्यावर बोटं घडत नाहीत, ८८ पट्ट्यांचा हॅमर ॲक्शनवाला (पट्ट्या खऱ्या पियानोसारख्या जड लागतात तो) डिजिटल पियानो घ्या, सेकंडहँड चालेल. खरा पियानो परवडला तरी दोनशेच्या वर तारा असतात त्यात आणि इथल्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, सूर हलतात, ट्यूनरला वर्षातून दोनदा तरी बोलवावंच लागतं. आणि हेडफोन लावले म्हणजे शेजारी सुखी असं समजू नका, पट्ट्यांची धपधप खालच्या मजल्यावर जाते, स्टँडखाली जाड सतरंजी टाका.

मी नौपाड्यातल्या पेटीवाल्या घरातली. पेटीत उजवा हात तयार होतो, पण डावा भात्यावर, आणि आवाज लहानमोठा होतो तो भात्याने, पट्टी कितीही जोरात दाबा काही फरक नाही. पियानोत सगळं वजन हातातून येतं. त्यामुळे पेटीवरून येणाऱ्यांनी पहिलं वर्ष डाव्या हाताला जास्त वेळ द्यायचा, चेर्नीचं ओपस ५९९ हे नवशिक्यांच्या सरावाचं पुस्तक कंटाळवाणं आहे पण करा. जोडीला सोपे मिन्युएट (तीन मात्रांच्या जुन्या नाचाच्या छोट्या रचना) घ्या.

आता परीक्षा. एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळाची प्रॅक्टिकल १५० मार्कांची, तीन पीसचे (तयार करून आणलेल्या रचनांचे) ९०, स्केल्सचे (सरगमसारख्या सुरावटींचे) २१, साइट रीडिंगचे (न पाहिलेलं नोटेशन बघून लगेच वाजवायचं) २१, ऑरलचे (ऐकून ओळखायचं) १८, शंभरला पास. ग्रेड ६ च्या आधी ग्रेड ५ थिअरी लागते, ट्रिनिटी या दुसऱ्या ब्रिटिश मंडळाला ती अट नाही. बहुतेक मुलं वर्षभर तेच तीन पीस घोटतात, डिस्टिंक्शनही आणतात, आणि नवीन पान समोर ठेवलं की गप्प. साइट रीडिंगचे २१ मार्क सोडून दिले तरी पास होता येतं ना, म्हणून कोणी करतच नाही. आणि पुढे काम मिळतं ते नेमकं त्याच्यावरच!

कारण नुसत्या सोलो वाजवण्यावर घर चालत नाही. मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, ऐकायला जरूर जा, पण ऑर्केस्ट्रात पियानो लागतो तो मोजक्याच रचनांना. पोट भरतं शिकवण्यावर आणि साथीवर. व्हायोलिन, फ्लूट, गाणं यांच्या ग्रेड परीक्षांना पियानोची साथ लागते, सीझनला फोनवर फोन येतात, नोटेशन दोन दिवस आधी हातात पडतं, कधी त्याच सकाळी. तिथे ज्याला वाचता येतं त्यालाच परत बोलावतात.

म्हणून रोज नवीन चार ओळी वाचायच्या, एकदम स्लो, मेट्रोनोम (टकटक करून लय धरणारं यंत्र) लावून, चुकलं तरी थांबायचं नाही. हाताकडे बघायची सवय असेल तर मनगटावर ओढणी टाकून वाजवा, आठवडाभर चिडचिड होईल मग जमतं.

साथीचं काम घेताना रिहर्सलचे पैसे वेगळे ठरवून घ्या, आणि सेंटर मुंबईत असेल तर जाण्यायेण्याचेही. नाहीतर परीक्षेची दहा मिनिटं धरून पैसे देतात आणि अख्खा दिवस ट्रेनमध्ये जातो.