लोगो बदलायची वेळ आली आहे का? असं ठरवा

धाकटी पिढी गल्ल्यावर बसली की पहिला प्रस्ताव बहुधा लोगो बदलण्याचा येतो. "जुनाट दिसतो," एवढंच कारण असतं, आणि ते पुरेसं नाही. मालक आपला लोगो दिवसभर बघतो, गिऱ्हाईक महिन्यातून एखाद्या वेळी. मालकाला त्याचा कंटाळा येतो, तेव्हा गिऱ्हाइकाच्या तो कुठे डोळ्यांत बसायला लागलेला असतो.

आधी सगळं टेबलावर मांडा. बिलबुक, पिशवी, खोका, व्हिजिटिंग कार्ड, रबरी शिक्का, पाटीचा फोटो, व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी. पुण्याच्या नारायण पेठेतल्या प्रेसने एक लाल छापलेला असतो, फ्लेक्सवाल्याने दुसराच. मूळ फाइल हरवलेली असते आणि जो तो जुन्या कार्डावरून ट्रेस करत आलेला असतो. असं असेल तर नवा लोगो नको. आहे तोच नीट रेखाटून घ्या, रंगांचे आकडे, म्हणजे प्रत्येक रंगाचं नेमकं प्रमाण, ठरवा, झालं.

मग तो कुठे कमी पडतो ते तपासा. मोबाइलवरच्या छोट्या गोलात ओळखू येतो का? एकाच शाईत शिक्का मारला तर टिकतो का? लक्ष्मी रस्त्यावर समोरच्या फुटपाथवर उभं राहून पाटी वाचता येते का?

पण माझ्या मते पुण्यातली सर्वांत महत्त्वाची चाचणी मराठीची आहे. 2022च्या दुरुस्तीनंतर राज्यात लहान-मोठ्या सगळ्याच दुकानांना देवनागरीत पाटी लागते आणि ती अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. अनेकांनी रोमन लोगो तसाच ठेवून शेजारी हाताशी असेल त्या फाँटमध्ये मराठी नाव चिकटवलं. वेलांटी वरच्या चौकटीत कापली जाते, जोडाक्षर फुटतं, शिरोरेखेची जाडी रोमन अक्षरांशी जुळत नाही. आपल्याच गावात आपलंच नाव उपऱ्यासारखं दिसतं. दोन्ही लिपी एकत्र बसवून नव्याने आखणं हे लोगो बदलण्याचं भक्कम कारण आहे.

धंदा बदलला आहे का? आकुर्डीच्या बजाज ऑटोचं षट्कोनी चिन्ह लोकांच्या मनात स्कूटरशी जोडलेलं होतं. कंपनी मोटारसायकलींकडे वळली, 2001मध्ये पल्सर आली आणि 2004मध्ये नवं चिन्ह आलं. आधी माल बदलला, मग खूण. भावाभावांत वाटणी झाली किंवा मिठाईवाल्याने केटरिंग सुरू केलं, तरी हाच विचार लागू पडतो. विक्री घटली म्हणून मात्र लोगोला हात लावू नका. चव बिघडली असेल किंवा गाडी लावायला जागा नसेल, तर नव्या रंगाने गिऱ्हाईक परतत नाही.

काय राखायचं ते गिऱ्हाइकाला विचारा. नेहमीच्या काही गिऱ्हाइकांना कोरा कागद आणि दोन-तीन रंगांची पेनं द्या. "आमचा लोगो आठवून काढा," एवढंच सांगा. कुणी फक्त पिवळा गोल काढेल, कुणी पहिल्या अक्षराची लांब शेपटी. नावाचं स्पेलिंग चुकेल, पण शेपटी बरोबर येईल. जे वारंवार कागदावर उतरतं, ती तुमची खरी कमाई. नव्या आराखड्यात ते राहिलंच पाहिजे. अमेरिकेच्या गॅप या कपड्यांच्या कंपनीने 2010मध्ये ओळखीचा निळा चौकोन जवळजवळ मोडीत काढला आणि आठवड्याभरात जुना लोगो परत आणावा लागला.

खर्च धरा. डिझायनरची फी हा त्यातला लहान भाग. पाटी, गाडीवरचं नाव, गणवेश, छापील खोके, सगळं बदलावं लागतं. पाटीच्या परवान्यासाठी महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागात आधी चौकशी करा. ट्रेडमार्क नोंदवलेला असेल तर किरकोळ फरकाची दुरुस्ती मागता येते, पण चेहराच बदलला तर नवा अर्ज. व्यक्ती किंवा लघुउद्योगासाठी ऑनलाइन अर्जाची फी माल किंवा सेवेच्या प्रत्येक वर्गाला 4,500 रुपये आहे. नोंदणी दहा वर्षं टिकते, पुढे नूतनीकरण.

दिवाळीच्या तोंडावर बदल नकोच, गर्दीत लोक ओळखीची पाटी शोधत येतात. छापील माल संपत आला की गुढीपाडव्याच्या सुमारास करा. डिझायनरचा शेवटचा हप्ता देण्याआधी ओपन फाइल (पुढे बदल करता येतील अशी मूळ फाइल) आणि कॉपीराइट तुमच्या नावे केल्याचा सहीचा कागद हातात घ्या. कॉपीराइट तोंडी बोलण्यावर हस्तांतरित होत नाही.