कॉलेज फुटबॉलमध्ये ॲनालिस्ट व्हायचंय? दोन सीझनचा माझा अनुभव

गेल्या वर्षभरात चार-पाच जणांनी विचारलं की डेटा सायन्सच्या एमएसला अमेरिकेत आलोय, इथल्या कॉलेज फुटबॉल टीममध्ये शिरता येतं का. येतं. मी कोल्हापूरचा, आमच्याकडे फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम आणि पेठांच्या मॅचेस, हा अंडाकृती बॉलचा खेळ मी इथे येऊन शिकलो आणि तरी दोन सीझन काम केलं. तेव्हा लहानपणी खेळलो नाही म्हणून मागे राहू नका, नियम मात्र तोंडपाठ पाहिजेत.

आधी रचना समजून घ्या. हेड कोच, त्याच्या हाताखाली 10 असिस्टंट कोच, आणि मग ॲनालिस्ट (फिल्म आणि आकडे बघून प्रतिस्पर्ध्याच्या सवयी शोधणारे), क्वालिटी कंट्रोल (कोचना फिल्म आणि शीट तयार करून देणारे), ग्रॅज्युएट असिस्टंट, व्हिडिओ, रिक्रूटिंगवाले. पूर्वी ॲनालिस्टने खेळाडूला काही शिकवायचं नाही असा नियम होता, जून 2024 मध्ये कॉलेज खेळांचे नियम करणाऱ्या एनसीएएने वरच्या गटासाठी, म्हणजे एफबीएससाठी, तो काढून टाकला. ही पोस्ट हलकी समजू नका. अलाबामाच्या टीमचा तेव्हाचा हेड कोच निक सेबनने नोकरी गेलेल्या मोठ्या कोचना ॲनालिस्ट म्हणून घेतलं होतं, स्टीव्ह सार्किशियन 2016 मध्ये तिथे ॲनालिस्ट होता आणि 2021 मध्ये टेक्सासचा हेड कोच झाला.

आपल्यासारख्यांचा रस्ता व्हिडिओ रूममधून जातो. मीही स्टुडंट वर्कर म्हणून प्रॅक्टिसचं शूटिंग करत होतो. एक गोष्ट कळकळीने सांगतो, जोराचा वारा असेल तर उंच लिफ्टवर (शूटिंग करणाऱ्याला वर उचलणारा पाळणा) चढायला सरळ नाही म्हणा. 2010 मध्ये नोटर डेम युनिव्हर्सिटीत वाऱ्याने लिफ्ट कोसळून शूटिंग करणारा एक विद्यार्थी गेला. कोणतीही क्लिप इतकी महत्त्वाची नसते.

खरं काम टॅगिंगचं, म्हणजे फिल्म बघून माहिती भरण्याचं. प्रत्येक प्ले (बॉल सुरू होऊन थांबेपर्यंतचा एक डाव) दोन कॅमेऱ्यांतून येतो, साइडलाइन आणि एंड झोन, आणि प्रत्येकाला डाउन (चारपैकी कितवा प्रयत्न), किती यार्ड हवेत, बॉल कुठल्या हॅशवर (मैदानावरच्या खुणांच्या डाव्या की उजव्या रांगेवर), पर्सोनेल म्हणजे कुठल्या प्रकारचे खेळाडू मैदानात (11 म्हणजे बॉल घेऊन पळणारा एक रनिंग बॅक, लाइनच्या टोकाचा एक टाइट एंड), फॉर्मेशन (कोण कुठे उभा), मोशन (प्ले सुरू होण्याआधीची हालचाल), रिझल्ट असं सगळं भरायचं, एका टीमचे मॅचला साठ-सत्तर प्ले आणि पुढच्या टीमच्या आम्ही चार मॅच बघायचो म्हणजे हिशोब करा. शनिवारी मॅच झाली की रविवारी सकाळी पुढच्या टीमचं सुरू, कारण मंगळवारच्या प्रॅक्टिसला कोचच्या हातात तयार शीट लागते. पहिल्या सीझनला मी डावा-उजवा हॅश उलटा भरला, एंड झोनचा कॅमेरा डिफेन्सच्या मागे होता हे लक्षातच आलं नाही, सोमवारी रात्री अकराला सापडलं आणि पहाटेपर्यंत सगळे प्ले परत भरले. पहिल्याच दिवशी विचारून घ्या, डावं म्हणजे कुणाचं डावं.

मी सगळ्यात जास्त शिकलो ते आमच्या एका वयस्कर ॲनालिस्टकडून. मी तिसऱ्या डाउनवर चार पानं तक्ते करून नेले, त्यांनी ते बाजूला ठेवले आणि एंड झोनची एक क्लिप थांबवली, म्हणाले डावा गार्ड (आक्रमणाच्या लाइनमधला एक खेळाडू) बघ. एकदा हातावर भार टाकून पुढे झुकलेला, दुसऱ्यांदा बूड खाली आणि हात नुसता टेकवलेला. आम्ही रात्रभर मोजलं, भार पुढे असताना अकरापैकी दहा वेळा रन, म्हणजे पास न करता बॉल घेऊन पळणं. कोचला ती एकच ओळ दिली, त्याने ती तशीच डिफेन्सिव्ह लाइनच्या मुलांना सांगितली. पायथॉन येणारी मुलं इथे भरपूर मिळतात, कोचला हवी असते ती प्लेयरला स्नॅपच्या, म्हणजे बॉल मागे देऊन प्ले सुरू होण्याच्या, आधी दिसेल अशी खूण. म्हणून मॉडेल नंतर, आधी फिल्म बघा, खूप बघा.

पुढच्या प्रतिस्पर्ध्याची मॅच स्वतः जाऊन बघणं 1994 पासून बंद आहे, 2023 चं मिशिगन युनिव्हर्सिटीच्या टीमचं प्रकरण त्यावरूनच पेटलं. कुणी तिकीट काढून देतो म्हणालं तरी जाऊ नका.

व्हिसाचं पण बघा. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच, आणि सीझनमध्ये काम त्याच्या कितीतरी वर जातं, म्हणून तुमची मर्यादा सुरुवातीलाच बोलून दाखवा, लाजू नका. पुढे ओपीटी (शिक्षणानंतर काम करायची परवानगी) 12 महिने, स्टेमवाल्यांना (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनीअरिंग, गणित) आणखी 24, पण काम डिग्रीशी जुळलं पाहिजे, तेव्हा डेटाचं काम करतो असं लेखी घ्या. आणि हेड कोच बदलला की अख्खा मजला रिकामा होतो, माझ्या दुसऱ्या सीझननंतर तेच झालं, दोन मुलं असलेले लोक डिसेंबरात खोके भरत होते. ते बघवत नाही.

मेल पाठवायचा तर सीझनमध्ये नको, कुणी वाचत नाही. मार्च-एप्रिलच्या स्प्रिंग प्रॅक्टिसच्या आधी पाठवा. सीव्हीसोबत त्या टीमच्याच एखाद्या मॅचमधले तिसऱ्या डाउनचे प्ले स्वतः टॅग करून एका पानावर जोडा आणि वर एका ओळीत लिहा तुम्हाला काय दिसलं. मला बोलावलं ते त्या ओळीमुळे, ती अर्धी चुकीची होती तरीसुद्धा.