‘पॉपकॉर्न’ कॅसिओवर वाजवताना: बोट कधी उचलायचं

सोलापुरात गणपतीच्या स्टेजवर कॅसिओ लागला की कोणीतरी ‘पॉपकॉर्न’ची धून छेडतोच. संगीतकार गर्शन किंग्जले यांनी ती १९६९ मध्ये ‘मूग’ नावाच्या सिंथेसायझरसाठी (विजेवर आवाज तयार करणारं वाद्य) रचली आणि १९७२ मध्ये ‘हॉट बटर’ या बँडच्या रेकॉर्डमुळे ती जगभर पोचली. शब्द नाहीत, गायक नाही, जेमतेम अडीच मिनिटांचा मामला. तरी एकदा ऐकली की दिवसभर डोक्यातून जात नाही.

याचं कारण स्वरांपेक्षा त्यांच्यामधल्या फटीत आहे. प्रत्येक स्वर लाहीसारखा फुटतो आणि लगेच संपतो. स्वर बरोबर दाबूनही धून मेंगळट वाटत असेल, तर बोट उशिरा उचललं जातंय हे नक्की.

सा पांढरी सहावर (इंग्रजी A) धरा, म्हणजे सगळं काम पांढऱ्या पट्ट्यांवर होतं. ग, ध, नि कोमल, म्हणजे आसावरी थाटाचेच स्वर. ‘हॉट बटर’चा सा पांढरी सातवर (B) आहे. तिच्यासाठी पुढे ट्रान्सपोज +२ करा, बोटं तीच राहतील.

पहिली ओळ, दोनदा (डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तकातला स्वर):
सां नि सां प ग प सा –

दुसरी ओळ:
सां रें गं रें गं सां रें सां
रें नि सां नि सां ध सां –

पहिलीत सात स्वर आणि एक मोकळी जागा, आठ मात्रांच्या केरव्याच्या एका आवर्तनात बरोबर बसते. दुसरी दोन आवर्तनांची: पंधरा स्वर, एक मोकळी. ही मोकळी जागा खाल्ली की पुढची ओळ एक मात्रा आधी पडते आणि तबलावाला तुमच्याकडे बघायला लागतो.

उजव्या हाताची बोटं (अंगठा १, करंगळी ५): पहिल्या ओळीला ५ ४ ५ ३ २ ३ १. हात एका सप्तकाएवढा पसरून तसाच ठेवा. दुसऱ्या ओळीला ३ ४ ५ ४ ५ ३ ४ ३, ४ २ ३ २ ३ १ ३. म्हणजे पहिली ओळ दुसऱ्यांदा संपली की त्या मोकळ्या जागेतच हात वर सरकवून मधलं बोट तार सा वर आणायचं. बहुतेकांचं इथेच अडतं, कारण अंगठा खालच्या सा वर रेंगाळतो. नुसता हा बदल वीस-तीस वेळा वेगळा घोटा.

मेट्रोनोम ८० वर लावून प्रत्येक टिकेला दोन स्वर वाजवा. चूक न होता चारदा जमलं की ८ ने वाढवा, १३० च्या आसपास थांबा. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत वाढलेल्यांना यंत्रमागाचा खटका माहीत आहे. धोटा कधी मध्येच घाई करत नाही, तशी चाल हवी. पुढचा भाग याच साच्यातला पण वरच्या स्वरांत जातो. तो कानाने उचला.

आवाज निवडताना स्ट्रिंग्ज, ऑर्गन नको. झायलोफोन, मारिम्बा किंवा छोटा, टोकदार सिंथ घ्या. सस्टेन (स्वर लांबवणारा) आणि रिव्हर्ब (स्वर घुमवणारा) बंद. टच रिस्पॉन्सही बंद करा, म्हणजे करंगळीचा स्वर दुबळा पडणार नाही. जुन्या मूगची पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच येई. डाव्या हाताने आवर्तनाच्या सुरुवातीला खर्जातला नुसता सा पुरे. भरगच्च कॉर्ड धरल्या तर फटी बुजतात. बेंजोवर वाजवणार असाल तर तारा घुमत राहतात, म्हणून तळहाताची कड त्यांना हलकी टेकवून ठेवा.

मंडपात खरा शत्रू इको. आपल्याकडे साउंडवाल्याचा हात त्या बटणाकडे आपोआप जातो. कीबोर्डची वायर थेट मिक्सरला द्या आणि त्या चॅनलचा इको शून्य करून घ्या. भोंग्यासमोर माइक धरून काम भागवू नका. तीच ओळ तिसऱ्यांदा येईल तेव्हा टोन बदला, वेग मात्र तोच ठेवा. शेवटी कॅसिओचं एंडिंगचं बटण दाबू नका, ते उगाच तुताऱ्या वाजवतं. शेवटचा सा तोडा आणि त्याच क्षणी ऱ्हिदम थांबवा.