छोट्या बंगल्याची फी: टक्केवारी नको, ठोक रक्कम धरा

१,२०० ते १,५०० चौरस फुटांच्या बंगल्यात आर्किटेक्टने आपली फी बांधकाम खर्चाच्या टक्क्यांवर ठरवली की शेवटच्या बिलाला वाद होतोच. खरा खर्च मालक सांगत नाही, टाइल्स तर सासऱ्यांनी परस्पर आणलेल्या असतात! छोट्या कामाला ठोक फीचा करारच बरा. त्यात एवढं लिहा:

१. पैसे टप्प्यांवर: कन्सेप्ट (पहिला कच्चा आराखडा), मंजुरीचे नकाशे, वर्किंग ड्रॉइंग (बांधकामासाठीचे तपशीलवार नकाशे), प्लिंथ (जोतं), स्लॅब. आधी रक्कम, मग ड्रॉइंग.
२. प्लॅनमध्ये २ बदल फीमध्ये धरलेले, पुढचे सशुल्क. ‘जिना जरा इकडे घ्या ना’ हाही बदलच.
३. साइट व्हिजिट किती, तो आकडा.
४. स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी, मंजुरीचं शुल्क, जीएसटी वेगळे.

मात्र मंजुरीची तारीख करारात कबूल करू नका; ती नगरपालिकेच्या हातात.