घरच्या फाइल सर्व्हरसाठी हलकी लिनक्स डिस्ट्रो निवडताय? आधी एवढं बघून घ्या

डिस्ट्रोचं, म्हणजे लिनक्सच्या तयार आवृत्तीचं, नाव नंतर, आधी मशीन बघा. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता थेट चालणाऱ्या) बूट करा आणि एलएससीपीयू (lscpu) कमांड मारा, प्रोसेसर ६४ बिट आहे की नाही ते वरच्या ओळींतच कळतं. हे आधी बघायचं कारण म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ (डेबियन ही एक लोकप्रिय डिस्ट्रो) पासून ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच मिळत नाही. तिथेच स्मार्टसीटीएल (smartctl) कमांड चालवून डिस्कची तब्येतही बघा, करंट पेंडिंग सेक्टरचा, म्हणजे डिस्कला नीट वाचता न येणाऱ्या जागांचा, आकडा शून्याच्या वर असेल तर त्या डिस्कवर घरचे फोटो ठेवूच नका. लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचा निघाला तर सेकंदाला १२ एमबीच्या आसपासच स्पीड मिळणार, मग डिस्ट्रो कितीही हलकी असू दे.

आता डिस्ट्रो. लोक रॅम किती खाते एवढंच विचारतात, पण माझ्या मते खरा प्रश्न अपडेट किती वर्षं मिळणार हा आहे, कारण हे मशीन एकदा कोपऱ्यात ठेवलं की कोणी रोज बघत नाही. अल्पाइन ही डिस्ट्रो फारच हलकी आहे, मस्तच आहे, पण तिच्या एका रिलीजला साधारण २ वर्षंच सपोर्ट असतो. डेबियनला एलटीएस (नंतरचा वाढीव सपोर्ट) धरून ५ वर्षं. त्यामुळे मी तरी डेबियनच सांगेन, नेटइन्स्ट इमेज (बाकीचं नेटवरून उतरवणारा छोटा इन्स्टॉलर) घ्यायची आणि सॉफ्टवेअर निवडायच्या स्क्रीनवर डेस्कटॉप आणि ग्नोमवरची टिक काढून फक्त एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून लॉगिन करण्यासाठी) आणि स्टँडर्ड युटिलिटीज ठेवायच्या, हलकेपणा खरा इथे मिळतो, १ जीबी रॅममध्येही सांबा (घरच्या नेटवर्कवर फाइल शेअर करणारं सॉफ्टवेअर) आरामात चालतो. कमांड टाइप करायचा कंटाळा असेल तर ओपनमीडियाव्हॉल्ट बघा, तीही डेबियनवरच आहे आणि सगळं ब्राउझरमधून होतं, फक्त सिस्टिमसाठी वेगळी डिस्क लागते हे आधीच धरून चला.

डेटा डिस्क एनटीएफएस (विंडोजचा फॉरमॅट) असेल तर डेटा दुसरीकडे हलवून ती ईएक्सटी४ (लिनक्सचा फॉरमॅट) करा, परमिशनची कटकट वाचते. ईएक्सटी४ मुळातच ५ टक्के जागा रूटसाठी (सिस्टिमच्या अ‍ॅडमिन यूजरसाठी) राखून ठेवतं, म्हणजे ४ टीबीच्या डिस्कवर जवळपास २०० जीबी, नुसत्या डेटाच्या डिस्कवर ती ट्यून२एफएस (tune2fs) कमांडने सोडवून घेता येते. एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी, /etc/fstab) डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे तिचा स्वतःचा ओळख क्रमांक, टाका आणि सोबत नोफेल (nofail) लिहाच, नाहीतर यूएसबी डिस्क निघालेली असली की मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं आणि मॉनिटर शोधत बसावं लागतं. लॅपटॉप असेल तर झाकण लावल्यावर झोपू नये म्हणून लॉगइनडीच्या (logind) सेटिंगमध्ये लिड स्विच इग्नोर करा. सर्व्हरचा पत्ता बदलू नये म्हणून राउटरमध्ये त्याचा आयपी रिझर्व्ह करा. लॉगिनचा पासवर्ड सांबाला चालत नाही, सांबासाठी तो स्वतंत्रपणे सेट करावा लागतो, एसएमबीपासडब्ल्यूडी (smbpasswd) कमांडने.

आणि प्लीज, रेडला (RAID, इथे दोन डिस्कवर एकच डेटा ठेवण्याची सोय) बॅकअप समजू नका, एका डिस्कवर उडवलेली फाइल त्याच क्षणी दुसरीवरूनही जाते, तेव्हा वेगळी ठेवायची एक डिस्क आत्ताच बाजूला काढा. मॉनिटर काढायच्या आधी एकदा रीस्टार्ट मारून फोनवरून शेअर आपोआप उघडतोय का ते बघा.