डल्सिमर लावायचं कसं, गायचं कसं

डल्सिमर म्हटलं की आपल्याकडे संतूर समजतात. आईने फोनवर पहिलं विचारलं ते, 'काड्यांनी वाजवतेस ना?' नाही. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातलं हे डल्सिमर मांडीवर आडवं ठेवतात, खुंट्या डावीकडे. तीन तारा. सुरावटीची तार आपल्या पोटाकडे, जाड तार पलीकडे.

आधी जाड तार सा ला लावा. तिचा डावीकडून चौथा पडदा (पट्टीवरची धातूची आडवी रेघ) दाबला की प मिळतो. उरलेल्या दोन्ही तारा त्या प ला जुळवा. झाला तानपुरा! आता पोटाकडच्या तारेवर तिसरा पडदा म्हणजे सा, तिथून दहाव्यापर्यंत सरळ बिलावल, म्हणजे सगळे शुद्ध स्वर. जुन्या पद्धतीच्या डल्सिमरवर कोमल-तीव्रचे पडदेच नाहीत, त्यामुळे चुकायला जागा कमी.

डाव्या हातात बोटाएवढी काठी धरा. अंगठा वर, तर्जनी पट्टीच्या कडेला टेकलेली. काठी फक्त पोटाकडच्या तारेवर, पडद्याच्या किंचित डावीकडे दाबून सरकवायची. टोक खरबरीत असेल तर किरकिर होते, पॉलिश पेपरने घासून घ्या. उजव्या हाताने तिन्ही तारा एकदम छेडायच्या. जुने लोक त्यासाठी पिसाचा दांडा वापरत. मी दह्याच्या डब्याचं झाकण कापलं, छान चालतं.

गाणं मात्र अवघड गेलं. इथली जुनी कथागीतं बहुधा वाद्याशिवायच गायची. मी सवयीने शेवटच्या अक्षरावर मुरकी घेतली, तर शिकवणाऱ्या आजोबांनी माझ्या तारांवर पंजाच ठेवला. 'गोष्ट कुठे अडली?' नायिका बुडून मरते तिथेही आवाज हलवायचा नाही, कडवं संपलं की पुढचं. सुरुवातीला कडवं नुसतं गा आणि दोन कडव्यांच्या मधे वाजवा.

केंटकीची लोकगायिका जीन रिची ऐका. १९२२ साली व्हायपर गावात जन्मलेली, चौदा भावंडांत शेंडेफळ. वडिलांच्या डल्सिमरला हात लावायची मुलांना बंदी होती, ही चोरून वाजवायची. १९५२ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळाल्यावर ती घरच्या गाण्यांची मुळं शोधत ब्रिटन-आयर्लंडला गेली.

उदास चालींसाठी पोटाकडची तार प वरून कोमल नी पर्यंत चढवा. सा आता पहिल्या पडद्यावर येतो आणि आसावरी थाट (ग, ध, नी कोमल) मिळतो. खुंटी अगदी हळू पिळा, तोंड बाजूला ठेवून. माझी पहिली तार इथेच तुटली आणि गालाला लागली. जादा तारा आधीच आणून ठेवा.