दिव्यांग मुलांच्या रोजगार प्रशिक्षणाची तपासणी करताय? या चुका टाळा

खानापूर तालुक्यातल्या एका कर्णबधिर मुलाचं नाव रजिस्टरात हिरव्या शाईत होतं. हिरवं म्हणजे नोकरी लागली. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात कास्टिंगच्या कडा घासायचं काम, अहवालात फोटोसुद्धा. सहा महिन्यांनी मी घरी गेलो तेव्हा तो गोठ्यात शेण भरत होता. कारखाना त्याने बाविसाव्या दिवशीच सोडला होता. आई म्हणाली, "तब्येतीला सोसंना त्याच्या." तेवढंच लिहून मी उठलो असतो. पण बहीण शेजारी होती. तिने खुणेने विचारलं आणि त्याने सांगितलं: मनगटावर बोट ठेवून अकरा, मग दोन्ही हातांनी स्टिअरिंग, मग मान हलवून 'नाही'. दुसरी पाळी रात्री अकराला सुटायची आणि गावची शेवटची गाडी त्याआधीच गेलेली असायची. तीन आठवडे तो वॉचमनच्या खोलीबाहेर झोपला होता.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात अशा कार्यक्रमांची तपासणी करताना ज्या चुका मी स्वतः केल्या आणि इतरांच्या अहवालात पाहिल्या, त्या इथे लिहितोय.

रुजू झाल्याच्या दिवशीच मोजणं

सर्टिफिकेट किती वाटली, किती जण रुजू झाले, हे आकडे लगेच मिळतात म्हणून तेच लिहिले जातात. खरा प्रश्न तीन, सहा आणि बारा महिन्यांनी पोरगं कामावर आहे का, हा आहे. सोडलं असेल तर कितव्या दिवशी आणि कशामुळे, हेही लिहा. वरच्या मुलाचं प्रशिक्षण उत्तम झालं होतं. मुकादम आजही त्याच्या हाताची तारीफ करतो. अडलं ते पाळीवर आणि गाडीवर, आणि आमच्या फॉर्मात या दोन्हींसाठी रकानाच नव्हता. आता आम्ही प्रवेशाच्या वेळीच लिहून घेतो: घरापासून थांबा किती लांब, शेवटची गाडी किती वाजता, सोबत कोण येतं.

जे सापडले नाहीत त्यांना हिशोबातून वगळणं

समजा 40 जण शिकले, वर्षाने 24 जणांचेच फोन लागले आणि त्यातले 18 कामावर निघाले. अहवालात येतं, 75 टक्के यश. खात्रीने सांगता येतं ते 40 पैकी 18, म्हणजे 45 टक्के. फोन न लागणारे बहुतेक घरीच असतात असा माझा अनुभव आहे, पण आपल्या भागात उलटंही होतं. निपाणीचा मुलगा कागलच्या एमआयडीसीत लागतो, बेळगावच्या पश्चिमेकडचा शिनोळीला जातो. कर्नाटकातून महाराष्ट्राची सीमा ओलांडली, सिम बदललं, की आपल्या रजिस्टरात तो हरवला. म्हणून प्रवेशालाच तीन नंबर घ्या: घरचा, मामाचा किंवा शेजाऱ्याचा, आणि गावच्या व्ही.आर.डब्ल्यू.चा. ग्रामपंचायतीच्या या पुनर्वसन कार्यकर्त्याला कोण कुठे गेलं ते बहुधा ठाऊक असतं.

भाषा आणि शब्द गृहीत धरणं

यावर मी सगळ्यात जास्त वेळ देतो. फॉर्म कन्नडमध्ये छापलेला, वाचून दाखवणारा घाईत, आणि समोर मराठी घर. त्याने भाषांतर करून विचारलं, "नोकरी आहे का?" उत्तर आलं, "न्हाई." बेळगावातल्या खासबागच्या त्या घरातली मुलगी रोज सहा तास पॉवरलूमसाठी कांड्या भरत होती आणि आठवड्याला मजुरी आणत होती. आपल्याकडे नोकरी म्हणजे हजेरी, पगाराची स्लिप, पी.एफ. बाकी सगळं 'काम'. ती फॉर्मवर बेरोजगार ठरली. म्हणून असं विचारा: "काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंस? त्यातल्या कशाचे पैसे मिळाले?"

उत्तर मुलाकडूनच घ्या. आई-वडील प्रेमापोटी बोलतात, पण कधी पेन्शन बंद होईल या भीतीने कमाई लपवतात, कधी लाजेने वाढवून सांगतात. ही माहिती पेन्शनसाठी नाही हे आधी स्पष्ट सांगा, आणि तसंच वागा. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला कामाच्या जागेचे चार फोटो दाखवून कुठे बरं वाटतं, कुठे नाही ते विचारलं, तर तो नीट सांगतो. कर्णबधिर मुलासाठी दुभाषी हवाच. घरच्या खुणा आणि शाळेत शिकलेली सांकेतिक भाषा वेगळी असू शकते, त्यामुळे घरचं एखादं माणूसही सोबत ठेवा.

सगळ्यांचा एकच टक्का काढणं

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, 1995 च्या कायद्यात सातच होते. बॅचमध्ये मात्र पायाला थोडा अधूपणा असलेली, दहावी झालेली मुलंच भरली, तर टक्का छानच येणार. प्रकार, तीव्रता, मुलगा की मुलगी, असे तुकडे करून आकडे मांडा, आणि प्रवेश कुणाला नाकारला तेही लिहा.

आपल्यामुळेच झालं असं मानणं

2011 च्या जनगणनेत देशात 2.68 कोटी दिव्यांग नोंदले गेले. त्यातले 36 टक्के काम करणारे होते, पुरुषांत 47 आणि स्त्रियांत 23. म्हणजे कुठल्याही प्रशिक्षणाच्या वर्गात न बसता काम मिळवणारे पुष्कळ असू शकतात. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी खात्याने युथ ट्रान्झिशन डेमॉन्स्ट्रेशन हा दिव्यांग तरुणांना कामाकडे नेणारा कार्यक्रम तपासताना चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले होते, एकाला सेवा, दुसऱ्याला नाही. पहिल्या वर्षी काही ठिकाणी रोजगारात फरक दिसला, काही ठिकाणी नाही. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण जागा अपुऱ्या असतात तेव्हा प्रतीक्षा यादीतल्या मुलांनाही तेच प्रश्न विचारता येतात.

दुसरं, त्याच काळात आणखी काय बदललं ते पाहा. 11 जून 2023 पासून कर्नाटकात शक्ती योजनेत बायकांना सरकारी साध्या गाड्यांत मोफत प्रवास मिळू लागला. त्यानंतर मुली कामावर टिकल्या तर त्यातला किती वाटा तिकिटाचा आणि किती आपल्या वर्गाचा, हे विचारावंच लागतं. हंगामाचंही तसंच. गळीत हंगामात, जानेवारीत गेलात तर घरोघर हाताला काम दिसतं. जूनमध्ये तीच माणसं रिकामी. सुरुवातीची आणि वर्षानंतरची, अशा दोन्ही भेटी वर्षाच्या त्याच महिन्यात ठेवा.

शिलाई मशीन दिली म्हणजे स्वयंरोजगार झाला, हेही थांबवा. गेल्या महिन्यात किती कपडे शिवले, हातात किती उरले, एवढंच विचारा.

वर्ष संपलं आणि सुरुवातीची नोंदच नाही, तर?

हा फोन मला दर मार्चमध्ये येतो. सगळं वाया गेलेलं नसतं. मुलाची परवानगी घेऊन बँकेचं पासबुक पाहा. पगार खात्यात येत असेल तर पहिली आणि शेवटची तारीख तिथेच मिळते. ई.एस.आय. (कामगार राज्य विमा) कार्ड आहे का विचारा. इतरांना 21,000 रुपयांपर्यंतच्या पगाराला ते मिळतं, दिव्यांगांना 25,000 पर्यंत, आणि मालकांनाही हे पुष्कळदा ठाऊक नसतं. रोख मजुरी असेल तर मुकादमाची हजेरी वही मागा. आणि मुकादमालाच विचारा, या मुलासाठी जागेत काय बदललं: उंच स्टूल, भोंग्याऐवजी दिवा, पाळी. खानापूरच्या त्या मुलाला आता पहिली पाळी मिळाली आहे. त्यासाठी लागला तो मुकादमाला केलेला एक फोन, आणि तो करायला आम्हाला सहा महिने उशीर झाला.